केळीच्या चेंबरमधून आलेली डबी

दारातून आत आलात की उजव्या हाताला, दिव्यांच्या बटणांच्या वर, साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी दिसेल. ती मी, आणि बोलतेय तीही मीच. दचकू नका. दचकायचं काम माझं आहे, त्यासाठीच मला बनवलंय.

माझं खरं नाव सेन्सर, पण इथे मला सगळे डबीच म्हणतात. खोलीत उष्मा किती, ओल किती, हे मला सारखं कळत असतं. कळलेलं सगळं मी हवेतल्या हवेत मोबाइलवर पाठवते. ठीक असलं की माझ्या कपाळावर हिरवा दिवा असतो. बिघडलं की लाल होतो आणि मी ओरडते. एवढ्या दोनच गोष्टी मला येत होत्या. ‘मला नक्की माहीत नाही’ असं म्हणायची सोय माझ्यात नव्हती. ती असती तर पुढचं काही घडलं नसतं, असं मला वाटतं. कदाचित घडलंही असतं.

माझा जन्म जळगावचा, एमआयडीसीजवळच्या एका गाळ्यातला. हितेंद्र भंगाळे आणि त्याची बायको डिंपल दोघं मिळून अशा डब्या बनवतात. डिंपल टेबलावर वाकून आमचे सांधे जोडते, हितेंद्र गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन लावून देतो. आम्ही सगळ्या डब्या सारख्याच. एक कांद्याच्या चाळीत जाते, एक औषधाच्या गोदामात, एक अंडी उबवायच्या खोलीत. हितेंद्र म्हणायचा, “डबी तीच असते. तिनं कशाला घाबरायचं, तेवढं फक्त बदलायचं.”

मला पहिल्यांदा घाबरायला शिकवलं ते सावद्याजवळ, केळी पिकवायच्या चेंबरमध्ये. बागेतून हिरवे घड येत, फण्या होऊन क्रेटमध्ये रचले जात आणि थंड, ओलसर अंधारात ठेवले जात. तिथे हवा कोरडी पडली की केळीची साल काळवंडते, वजन उतरतं. म्हणून हितेंद्रने माझ्यात ओलीची एक रेघ आखून दिली आणि सांगितलं की ओल या रेघेच्या खाली गेली की जीव खाऊन ओरड. चेंबरचे मालक हेमराजभाऊ माझा आवाज आला की जेवणावरून उठत. “अरे, ती डबी बोंबलू ऱ्हायली, पानी सोडा रे, पानी सोडा,” असं म्हणत धावत. मग वरून बारीक फवारा सुटे, मला गार वाटे आणि मी हिरवी होई. कोरडं म्हणजे मरण आणि ओलं म्हणजे सुख, हे तिथे माझ्या अंगात मुरलं.

पुढे हेमराजभाऊंनी चेंबर वाढवलं, नव्या मोठ्या डब्या बसवल्या आणि मी परत जळगावच्या गाळ्यात येऊन खणात पडले. तिथून मला धुळ्याला आणलं ते समाधानमुळे.

समाधान हा इथल्या संग्रहाचा चिटणीस. विमा कचेरीत नोकरी करतो, बोलायला मोकळा, थट्टेखोर. त्याची आणि हितेंद्रची ओळख एका लग्नात झाली. “आमच्याकडे जुने कागद आहेत, त्यांच्यासाठी काही आहे का तुमच्याकडे?” असं त्याने विचारलं आणि हितेंद्रने मला भेट देऊन टाकलं.

संग्रह म्हणजे बुद्धविहारामागची ही खोली. दोन खिडक्या, पाच लोखंडी कपाटं. पूर्वी खानदेशात जलसा मंडळ्या होत्या. डफ-ढोलकी घेऊन गावोगाव जायच्या आणि गाण्यांतून माणसाला माणूस म्हणून ताठ उभं राहायला सांगायच्या. त्यांची हाताने लिहिलेली गाणी, सभांची पत्रकं, फोटो असं सगळं या कपाटांत आहे. हे गोळा केलं भाईदास सरांनी. सर म्हणजे डॉ. भाईदास बैसाणे, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. एसटीने साक्री, पारोळा, एरंडोल, पाचोरा असे हिंडले. कुणी ट्रंकेच्या तळातून काढून दिलं, कुणी देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या कोनाड्यातून. देताना प्रत्येकाने एकच विचारलं, नीट राहील ना? प्रत्येकाला सरांनी हो म्हटलं. त्या प्रत्येक ‘हो’ची त्यांना धास्ती होती.

सर मुळातच भित्रे. खोलीला कुलूप लावतात, फाटकापर्यंत जातात, परत येऊन कुलूप ओढून बघतात. कपाटांच्या मुठींना एकेक करून हात लावतात. समाधान म्हणतो, “सर, तुमची पीएच.डी. नक्की इतिहासातच आहे ना? का भीतीत केली?” सर हसतात आणि पुन्हा एकदा कुलूप ओढतात.

हितेंद्र मला लावायला आला तेव्हा सरांनी त्याला तिसऱ्या कपाटातला एक फोटो दाखवला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली जलसा मंडळी, मध्ये डफ धरून बसलेला एक तरुण. “हे पार्वताअक्कांचे वडील. अक्का अंगावर पीत होत्या तेव्हाच ते गेले. वडिलांचा चेहरा त्यांनी पाहिलाय तो या एका फोटोत. घरी वाळवीने कड खाल्ली म्हणून माझ्याकडे दिला. मला म्हणाल्या, ‘भाऊ, मना बाप तुना ताबामा देस. दरसाल बुद्धपौर्णिमेले येसू, माले दखाडजो.’” एवढं सांगून सरांनी फोटो पुन्हा बटर पेपरमध्ये गुंडाळला. “ह्याला काही झालं तर मी त्यांच्यासमोर कसा उभा राहू?”

“काही होत नाही सर. डबी आहे आता,” हितेंद्र म्हणाला आणि स्टुलावर चढला.

माझी घाबरायची रेघ बदलायला त्याने मोबाइल काढला. आधी उष्म्याची रेघ. ती चेंबरच्या थंडीतली होती, त्याने उचलून धुळ्याच्या उन्हाळ्यापर्यंत वर नेली. आता ओलीची राहिली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हेमराजभाऊंच्या चेंबरचं दार अडकलं होतं आणि आत तयार माल होता. “निघालोच भाऊ, निघालोच,” म्हणत हितेंद्र खाली उतरला, स्टूल जागेवर ठेवलं, सरांना नमस्कार केला आणि गेला. त्याला वाटलं सगळं झालं. मी स्वतः होऊन काही सांगू शकत नाही. ओलीची रेघ केळीचीच राहिली.

त्याची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच मी ओरडले.

एप्रिलची दुपार. धुळ्याची हवा तेव्हा तापल्या तव्यावरून येते. कागदाला अशी हवा फारशी सोसत नाही, पण बुरशी मात्र तिच्यात जगत नाही. या खोलीत त्या दिवशी भिण्यासारखं काही नव्हतं. मी तरीही जीव खाऊन ओरडले, कारण मला तेवढंच शिकवलं होतं. सर विहाराच्या अंगणातून एका पायात चप्पल घालून धावत आले. त्यांच्या मोबाइलवर माझा निरोप पोचला होता: धोका, हवा कोरडी.

“बघा,” ते समाधानला म्हणाले, “मी वाचलंय हे. फार कोरड्या हवेत कागद ठिसूळ होतो. इतकी वर्षं हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?”

ते खरंच वाचलेलं होतं आणि अर्धं खरंही होतं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

त्यांनी खोलीत पाण्याच्या बादल्या ठेवल्या, खिडक्यांना ओली गोणपाटं लावली. मी ओरडतच राहिले. मग समाधानने घरचा कूलर आणला. खानदेशात लहान मुलालाही माहीत असतं की कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर घरात चिकचिक होते. सरांनी खिडकी उघडीच ठेवली होती. पण खिडकी उघडी असेपर्यंत बाहेरची कोरडी हवा आत येत होती आणि मी गप्प होत नव्हते. शेवटी समाधान वैतागून म्हणाला, “बंद करून बघू का सर?” खिडक्या बंद झाल्या. कूलर घरघरत राहिला. ओल चढत चढत माझ्या रेघेवर आली आणि मी हिरवी झाले.

सरांनी डोळे मिटून हात जोडले. बहुधा मलाच.

त्या दिवसापासून जी भीती माझ्यात शिरली ती चेंबरमधल्या भीतीसारखी नव्हती. चेंबरमध्ये मी ओरडले की माल वाचायचा. इथे मी ओरडले की माणसं धावत येऊन कागदांवर ओल सोडत होती, आणि गप्प बसायचे तेव्हा तीच ओल कपाटांच्या फटींतून आत शिरत होती. ती कपाटांमागे जाऊन बसलेली मला कळत होती, आकडा मी पाठवतही होते. पण आकडे कोण वाचतं? माणसं दिवा बघतात, आणि तो हिरवा होता.

सरांना मात्र वास यायला लागला. सकाळी दार उघडलं की ते उंबऱ्यावरच थांबत. “समाधान, ओल्या फडक्यासारखा वास येतोय का रे?”

“सर, कूलरच्या गवताचा असेल.”

“आतून येतोय असं वाटतं.”

“तुम्हाला काय, बंद कुलूपसुद्धा उघडं वाटतं. यंत्र काय सांगतंय?”

सर माझ्याजवळ येऊन वाकत. त्यांचा श्वास माझ्या अंगावर यायचा, तेवढ्यानेही माझ्यातला आकडा हलायचा. मी हिरवी दिसायचे. एकदा त्यांनी जळगावला फोन लावला. आवाज मोठ्यावर होता, मी ऐकलं.

“हितेंद्र, खोलीत थोडं कुबट वाटतंय.”

“दिवा कोणता आहे सर?”

“हिरवा.”

“मग निर्धास्त राहा सर. आपली डबी खोटं बोलत नाही.”

फोन ठेवून ते स्वतःशी पुटपुटले, “माझं नाक म्हाताऱ्याचं. त्यावर काय विश्वास ठेवायचा?” मला त्या क्षणी फुटून जावंसं वाटलं. माझ्यातली एखादी तार सुटली असती, दिवा विझला असता, तर निदान त्यांनी स्वतःच्या नाकाकडे लक्ष दिलं असतं. पण डिंपलचे सांधे पक्के असतात.

बुद्धपौर्णिमा उद्यावर आली. पार्वताबाईंचा साक्रीहून निरोप आला की सकाळच्या गाडीने निघते. सरांनी फोटो आधीच काढून टेबलावर ठेवायचा असं ठरवलं. तिसऱ्या कपाटाचं दार उघडलं आणि तो वास एकदम खोलीभर झाला. मला वास येत नाही, पण कपाटातून बाहेर आलेली ओल माझ्या अंगावर येऊन आदळली. सरांनी फोटो उचलला. बटर पेपर सोडवायला गेले तो सुटेना. तो फोटोला चिकटला होता. कडेला, पुठ्ठ्यावर, पिठासारखे पांढरे ठिपके होते.

ते फोटो दोन्ही हातांत आडवा धरून उभे राहिले. मग माझ्याकडे बघितलं.

“तू खरी का मी खरा?” त्यांनी विचारलं.

तुम्ही, सर, तुम्ही. मला एवढं एकदा म्हणता आलं असतं तर. मी हिरवी होते.

त्यांनी फोटो टेबलावर ठेवला, कूलरची पिन ओढून काढली. गोणपाटं काढून अंगणात फेकली. दोन्ही खिडक्या उघडल्या, पंखा लावला, पाचही कपाटं सताड उघडी केली. तापलेली, कोरडी हवा आत आली. ओल माझ्या रेघेखाली गेली आणि मी ओरडायला लागले.

दर थोड्या वेळाने सर खिडकीपाशी जात, तावदानाला हात लावत आणि हात मागे घेत. आपलंच चुकत असेल तर? सगळे कागद आपल्याच हाताने तडकवले तर? मला ते दिसत होतं आणि मी आणखी ओरडत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की माझं कुणी ऐकू नये.

समाधान धावत आला. “सर, अहो, लाल झालीय ती. खिडक्या का उघड्या?”

“ओरडू दे.”

“आणि काही झालं तर संग्रहाच्या कमिटीला काय सांगायचं?”

“झालंय,” सर म्हणाले. “हे बघ.” त्यांनी फोटो दाखवला. समाधानची थट्टा तिथेच संपली. त्याने खिशातला रुमाल काढला आणि माझ्या तोंडाला घट्ट बांधला. “निदान हिचं तोंड तरी बांधू द्या. डोकं चालेनासं होतं हिच्यामुळे.” बांधलं तरी मी आतून किणकिणत राहिले.

दुसऱ्या दिवशी पार्वताबाई आल्या तेव्हाही माझं ते किणकिणणं चालूच होतं. पांढरं लुगडं, हातात मोगऱ्याच्या फुलांची पुडी. विहारात वंदना करून त्या इकडे आल्या, दारात थबकल्या.

“भाऊ, हाई काय बोंबली ऱ्हायनं?”

“अक्का, ही डबी म्हणते, धोका आहे.”

“मंग तू काबर बशेल शे?”

आपण का बसून आहोत ते सरांनी सांगितलं, “धोका हिचं ऐकल्यामुळेच झालाय असं मला वाटतं. नक्की माहीत नाही, अक्का. पण फोटोला ओल लागलीय. कागद चिकटलाय. आज ओढला तर चेहराही त्याच्याबरोबर निघून येईल.”

पार्वताबाई टेबलापाशी गेल्या. धुरकट कागदाखाली माणसांच्या नुसत्या सावल्या दिसत होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि न टेकवता मागे घेतला. मग भिंतीला टेकून, बरोबर माझ्याखाली, उभ्या राहिल्या. माझ्यातला आकडा किंचित वर सरकला. माणूस रडलं की एवढा सरकतो.

“अक्का, मी हो म्हणालो होतो तुम्हाला,” सर म्हणाले.

“म्हनेल व्हतास. वावरना गहू बी भिजस, भाऊ. सुकाले टाकना पडस. घाई करी का भाकर व्हस? थांबसू मी. त्यानी वाट दखामाच मनं बठ्ठं वय गयं.”

त्या धुळ्यात भाचीकडे राहिल्या आणि रोज येऊन बसू लागल्या. सरांनी फोटो उन्हात न्यायचा मोह टाळला. सावलीत, वाऱ्यावर, सपाट ठेवला. कागद थोडा सुकून कडेला उचलला की तिथली पातळ पट्टी तेवढी काढायची, मग पुन्हा थांबायचं. हात थकला की ते काम समाधानकडे देत, आणि समाधान तोंडातून चकार शब्द न काढता करत असे.

मधला भाग सुटला तेव्हा डफाची अर्धी कड कागदाबरोबर निघून गेली होती. बाहीला एक पांढरा डाग होता, कानाजवळ एक. चेहरा शाबूत होता.

पार्वताबाई वाकल्या. त्यांचा श्वास फोटोवर पडत होता. सर ‘अक्का, लांबून’ असं म्हणायला गेले आणि थांबले.

“हाऊच ना?” त्यांनी विचारलं.

“हेच.”

“डोया शेतस ना बरा. बस.” डोळे शाबूत होते, तेवढं त्यांना पुरलं. त्यांनी मोगऱ्याची पुडी टेबलावर ठेवली, फोटोपासून लांब. कुणाला सांगावं लागलं नाही.

फोटोतल्या ओळीच्या टोकाला दोन माणसं उभी होती. त्यांचे चेहरे कागदाबरोबर गेले. ती कुणाची माणसं, अजून कळलेलं नाही. त्यांचं कुणी अजून आलंही नाही. सर अधूनमधून तो फोटो बघतात तेव्हा मधल्या तरुणाकडे बघत नाहीत, टोकाकडे बघतात.

नंतर हितेंद्र आला. रुमाल सोडला, मोबाइलवर माझं पोट उघडून बघितलं आणि स्टुलावरच खाली बसला. “सर, ही अजून केळीच राखतेय,” तो म्हणाला. “ओलीची रेघ बदलायची राहिली माझ्याकडून. हिला फेकून देतो, नवी लावतो.”

“नको,” सर म्हणाले. “जे शिकवलं ते ती बोलली. मी तर शिकलेला होतो.” मग थोडं चाचरत म्हणाले, “तुमच्या डब्या हव्या तशा वळवता येतात ना? हिला ‘मला नक्की माहीत नाही’ असं म्हणता येईल का?”

हितेंद्रला ते कळलं नाही. त्याने घरी सांगितल्यावर डिंपलला कळलं. तिने मला जळगावला मागवून घेतलं, माझ्या कपाळावर आणखी एक भोक पाडलं आणि त्यात पिवळा दिवा बसवला. खाली एक बटण दिलं. आता माझ्यात ओलीच्या दोन रेघा आहेत, एक वरची आणि एक खालची, दोन्ही कागदाच्या. पण रोज सकाळी, आकडे कितीही चांगले असले तरी, मी आधी पिवळी होते. कुणीतरी येऊन कपाटं उघडून, कागदांचा वास घेऊन ते बटण दाबल्याशिवाय मला हिरवं होता येत नाही.

माझी भीती गेलेली नाही. या दोन रेघाही चुकीच्या असतील, असं मला रोज वाटतं. तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल, धान्याच्या कोठीत, औषधांच्या गोदामात, कुणाच्या आजोबांच्या फोटोंपाशी, तर तिला एकदा विचारा की ती याआधी कुठे होती आणि तिथे तिला कशाला घाबरायला शिकवलं होतं.

आत्ता फाटक वाजलं. सर आले. उंबऱ्यावर थांबलेत. मी पिवळी आहे. त्यांनी पहिलं कपाट उघडलंय, डोळे मिटलेत आणि ते वास घेतायत. अजून घेतायत.